जुन्या इंजिनाची टकटक पुन्हा पुन्हा येते तेव्हा

टॅपेट, म्हणजे झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या भागांमधल्या बारीक फटी, तीनदा सेट करून घेतले. तिन्ही वेळा संध्याकाळी गाडी अगदी शांत होऊन हातात मिळाली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच तीच टकटक सुरू. सव्वादोन लाख किलोमीटर चाललेली, चार सिलेंडरची, पुशरॉडवाली जुनी पेट्रोल गाडी. तिसऱ्या खेपेनंतर मेकॅनिक म्हणाला, इंजिनाचं वय झालंय, आता हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावं लागेल. हेड खोलायची गरज नव्हती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला वायू सायलेन्सरकडे नेणारा पाइप, इंजिनाला आवळून धरणारा शेवटचा स्टड (आट्यांचा दांडा) तुटलेला होता.

ही हकिकत आधीच सांगतोय, कारण आवाज गेला आणि परत आला असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो मुळात गेलेलाच नसतो. माझ्या गाडीची टकटक थंड इंजिनावर यायची आणि पाचसात मिनिटांनी मॅनिफोल्ड तापून फुगला, फट मिटली की बंद व्हायची. गॅरेजमधून गाडी ताब्यात घ्यायचो तेव्हा ती नुकतीच एक फेरी मारून आणलेली, म्हणजे चांगली तापलेली असायची. शांत असणारच. रात्रभरात थंड झाली की सकाळी पुन्हा आवाज. मधल्या वेळात टॅपेटला कोणी हात लावला की नाही, याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता.

म्हणून ज्यांचा आवाज असा परत परत येतो त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: आवाज ज्या अवस्थेत येतो त्याच अवस्थेत तो शोधा आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच अवस्थेत तपासा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला येत असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला सोडा आणि सकाळी मेकॅनिकसमोर स्टार्ट करा. चढावर येत असेल तर त्याला शेजारी बसवून चढावर न्या.

पाना उचलण्याआधी

तीनचार दिवस नुसतं ऐका आणि वहीत लिहून ठेवा. पहिल्या स्टार्टला येतो की गाडी तापल्यावर? उभ्या गाडीत येतो की लोडवर? रेस दिली की वाढतो, तसाच राहतो, की एका ठरावीक आरपीएमला येऊन पुन्हा नाहीसा होतो? ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला त्या क्षणी काय होतं? क्लच दाबला की बदलतो का? एसी लावला की, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की? आणि हमखास विसरला जाणारा प्रश्न: आवाज सुरू होण्याच्या जरा आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? ऑइल बदललं, वेगळा फिल्टर लागला, बेल्ट बदलला, सायलेन्सर उतरवला, काहीही असो, लिहा.

त्यानंतर आवाजाचा वेग बघायचा. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरते. आयडलिंगला ८०० आरपीएम धरले तर क्रँक सेकंदाला साधारण १३ फेऱ्या मारते, पण एखादा व्हॉल्व्ह सेकंदाला सहासात वेळाच उघडतो. त्यामुळे एकट्या टॅपेटचा आवाज सुटा सुटा येतो आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला पडणारा ठोका त्याच्या दुप्पट घाईचा असतो. नुसत्या कानाने हे मोजता येत नाही. मी फोनवर दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करतो आणि पाव वेगाने वाजवतो. आरपीएम ८०० असताना टॅपेटच्या बाजूचा आवाज मग सेकंदाला दीडपावणेदोन ठोके इतका संथ होतो, बोटाने ताल धरता येतो. तीनसाडेतीन ठोके पडत असतील तर संशय खालच्या, म्हणजे क्रँकच्या, बाजूवर न्यायचा. एवढं मात्र ध्यानात ठेवा की फोनचा माइक खर्जातला ठोका नीट पकडत नाही, त्यामुळे जड आवाजासाठी स्वतःच्या कानावरच भरवसा ठेवावा लागतो.

याच हिशेबात माझ्या फसगतीचं मूळ होतं. एका सिलेंडरचा जळालेला वायूसुद्धा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. म्हणजे मॅनिफोल्डची गळती आणि टॅपेट यांचा ताल अगदी सारखा. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरची टिकटिकही त्याच तालात असते. तालावरून एवढंच कळतं की क्रँकच्या मोठ्या बेअरिंगची भीती कमी आहे. पुढचं वेगळं शोधावं लागतं.

ऑइल सगळ्यात आधी

सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला आणि बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर बाकी तपासण्या थांबवून ऑइल भरा आणि मगच पुन्हा ऐका. वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही वाईट. फिरती क्रँक ऑइल घुसळते, त्यात हवेचे बुडबुडे शिरतात, आणि ज्या गाड्यांत हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने टॅपेटची फट आपोआप भरून काढणारे) आहेत तिथे लिफ्टर त्या फेसाने भरून टिकटिकायला लागतो. अशा गाडीत पहिल्या स्टार्टला चारदोन सेकंद टिकटिक होऊन थांबली तर काळजीचं कारण नाही, रात्रभरात लिफ्टरमधलं ऑइल थोडं उतरलेलं असतं. दहा मिनिटांनीही चालूच असेल तर ऑइल घाण झालंय, चुकीच्या ग्रेडचं आहे, किंवा लिफ्टर अडकलाय.

फिल्टरकडे फार कोणी लक्ष देत नाही. फिल्टरमध्ये रबराची एक पातळ चकती असते, ती इंजिन बंद असताना ऑइलला मागे वाहून जाऊ देत नाही. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या फिल्टरमध्ये ही चकती कडक झाली किंवा निकृष्ट असली की रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तो पुन्हा भरेपर्यंत सगळं इंजिन कोरडं खडखडतं. ऑइल बदलल्यानंतर लगेच सकाळची खडखड सुरू झाली असेल तर चांगला फिल्टर लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आता जाड ऑइलबद्दल. गाडीला ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना "जुनी झालीय, २०डब्ल्यू-५० टाका, आवाज दबेल" हा सल्ला सर्रास मिळतो. आवाज दबतो हे खरं आहे, कारण झिजलेल्या फटीत जाड ऑइलचा थर जास्त टिकतो. पण पहिल्या स्टार्टला तेच ऑइल वरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफांपर्यंत) पोचायला वेळ लावतं, आणि जो आवाज आपल्याला काहीतरी सांगत होता तो मिटल्यामुळे शोध तिथेच थांबतो. शोध पूर्ण होईपर्यंत पुस्तिकेतल्या ग्रेडचंच ऑइल ठेवा. आवाज घालवणाऱ्या बाटल्यांनाही हेच लागू.

ऑइलचा दिवा पेटत नाही म्हणजे दाब चांगला आहे असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो दिवा दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली घसरल्यावरच पेटतो. संशय असेल तर दिव्याचा स्विच काढून तिथे साधा प्रेशर गेज लावून घ्या. तापलेल्या इंजिनात दर हजार आरपीएममागे साधारण ०.७ बार, हा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. नेमका आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा.

बेल्टची बाजू झटपट उरकता येते

चीं चीं, किरकिर किंवा सतत घरघर असेल आणि ती इंजिनाच्या पुढच्या बाजूने येत असेल तर चालू इंजिनावर बेल्टच्या आतल्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुली एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर बेअरिंग बघा: इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि अल्टरनेटर, आयडलर आणि टेन्शनर (बेल्टला आधार आणि ताण देणाऱ्या पुल्या), वॉटर पंप एकेक हाताने फिरवा. खराब बेअरिंग बोटांना वाळूसारखं खरखरीत लागतं. बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून आवाज गेला का हेही बघता येतं, पण त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर त्याहून जास्त नको. टायमिंग बेल्टला मात्र या प्रयोगात हात लावायचा नाही. तो सरकला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

लांब स्क्रू ड्रायव्हर आणि रबरी नळी

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच. नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या भागावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवा. हवेतून सगळे आवाज एकत्र कालवलेले ऐकू येतात, लोखंडातून एकेका जागेचा वेगळा. रॉकर कव्हरवर एकेक सिलेंडरच्या वर ठेवून ऐका, मग हेडच्या बाजूला, ब्लॉकच्या मध्यावर, शेवटी ऑइलच्या चेंबरवर. जिथे आवाज मोठा तिथेच उगम असेल असं नाही, कारण ओतीव लोखंड आवाज दूरवर नेतं. त्यामुळे एकाच सिलेंडरच्या वर आणि खाली तुलना करत जायचं.

हवेची गळती मात्र स्क्रू ड्रायव्हरला कळत नाही. तिच्यासाठी अर्ध्या मीटरची रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांवरून हळूहळू फिरवा. गळतीसमोर नळी आली की फटफट एकदम कानात शिरते. माझा तुटका स्टड मला असाच सापडला, तोही दुसऱ्या मिनिटाला. तीन महिने ज्याच्यासाठी घालवले त्यासाठी अर्धा मीटर नळी पुरली.

हे करताना हँडब्रेक ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, बाह्या वर, ओढणी-मफलर-लांब केस बांधलेले. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. आणि बंद जागेत इंजिन चालवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसरी मोठी कसोटी म्हणजे एकेक सिलेंडर बंद करून ऐकणं. इंजेक्शनच्या गाडीत एकेका इंजेक्टरचा प्लग काढा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जात नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत चालू इंजिनावर प्लगची वायर ओढू नका, जोराचा झटका बसतो. इंजिन बंद करून ती वायर दुसऱ्या एका प्लगला जोडा, तो प्लग ब्लॉकला टेकवून बांधा आणि मग थोडा वेळ चालवा. सिलेंडर बंद केल्यावर आवाज मंदावला किंवा गेला तर तो त्या सिलेंडरच्या ताकदीच्या स्ट्रोकशी बांधलेला आहे: कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, पिस्टन, नाहीतर एक्झॉस्टची गळती. काहीच फरक पडला नाही तर रॉकर, कॅम, चेन या बाजूकडे वळा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीत हीच कसोटी इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करून घेतात, चष्मा-हातमोजे घालून आणि हात फवाऱ्यापासून दूर ठेवून. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपमधून डिझेल देणाऱ्या) डिझेलमध्ये हे कधीही करू नका. तिथे दाब १,००० बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

टॅपेट की मॅनिफोल्ड

सगळ्यात जास्त गोंधळ याच जोडीत होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मॅनिफोल्डची गळती थंड इंजिनावर मोठी असते, गाडी जोर लावते तेव्हा आणखी मोठी होते, आणि तापल्यावर कमी होते किंवा पूर्ण थांबते. टॅपेट लोडला फारशी दाद देत नाही, रेस वाढली की नुसता जलद वाजतो. टॉर्च मारून जोडांवर बघा. गळती असेल तिथे हेडवर काळ्या काजळीचा पंखा उमटलेला असतो. माझ्या गाडीत तो चौथ्या सिलेंडरच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला होता, समोरून दिसणं शक्यच नव्हतं. छोटा आरसा घालून बघितला तेव्हा नखाएवढी काजळी आणि शेजारी स्टडच्या जागी नुसतं भोक. टोकाचे स्टड जास्त तुटतात यालाही कारण आहे. मॅनिफोल्ड लांबीत फुगतो आणि आकसतो, आणि ती ओढाताण टोकांना सर्वाधिक बसते.

खात्री करून घ्यायची एक छान पद्धत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना हवा बाहेर फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लिनरची नळी सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने बांधा, हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. जिथे फुगे, तिथे गळती.

ही गळती केवळ आवाजाची बाब नाही. वायू बॉनेटखालून हीटरच्या हवेत शिरून गाडीच्या आत येऊ शकतो. काचा बंद करून चालवताना डोकं जड होत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी चालवूच नका.

तुटका स्टड काढायला घाई नको. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवायचं. थोडा तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवतात, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. आत तुटला असेल तर नेमक्या मध्यावर ड्रिल मारणारा हात हवा, विशेषतः ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. मॅनिफोल्ड उतरवलाच आहे तर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पातींनी) वाक तपासून घ्या. वाकलेल्या तोंडावर नवीन गॅस्केट बसवलं तर काही महिन्यांत आवाज पुन्हा येणार. नट मधून सुरुवात करून टोकांकडे, दोनतीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराने) आवळायचे.

स्टड बसला आणि सकाळची फटफट गेली. पण तिच्याखाली एक बारीक, सुटी टिकटिक राहिली होती आणि ती गरम-थंड दोन्हीत येत होती. म्हणजे टॅपेटचा आवाजही होता, मोठ्या आवाजाआड झाकला गेला होता.

रॉकर कव्हर काढून मी स्वतः सगळ्या फटी मोजल्या आणि धक्काच बसला. तीन एक्झॉस्ट टॅपेट सांगितलेल्या ०.३० मिलिमीटरऐवजी ०.१५ वर होते. आवाज जात नाही म्हणून प्रत्येक खेपेला फट थोडी थोडी कमी केली गेली होती. हे फार घातक आहे. व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला टेकलेला असताना बाहेर टाकतो. फट इतकी कमी असली की तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कड जळते, आणि मग खरोखरच हेड खोलावं लागतं. टॅपेट थोडा वाजलेला चालतो, घट्ट झालेला चालत नाही.

टिकटिक सहाव्या व्हॉल्व्हवर होती, आणि तिथे फीलर गेज अगदी बरोबर ०.३० दाखवत होता. रॉकर काढून उजेडात तिरपा धरला तेव्हा कारण दिसलं. जो भाग व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतो तिथे दांड्याच्या रुंदीचा गुळगुळीत, चकचकीत खळगा पडला होता, नख फिरवलं की कड लागत होती. फीलर गेजची सरळ पात त्या खळग्यावर पुलासारखी बसते आणि खळग्याची खोली मोजतच नाही. गेज सांगतो ०.३०, प्रत्यक्षात फट त्याहून कितीतरी जास्त. असा टॅपेट कितीही वेळा सेट करा, वाजणारच. रॉकर बदलणं किंवा त्याचं तोंड जाणकाराकडून घासून घेणं हाच उपाय. मी रॉकर बदलला.

स्वतः सेट करणार असाल तर फट थंड इंजिनावर घ्यायची की गरम, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा, आकडे वेगळे असतात. बऱ्याच चार सिलेंडर-आठ व्हॉल्व्हच्या सरळ इंजिनांत नऊचा नियम चालतो: जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा क्रमांक ९ मधून वजा करा, उरेल तो व्हॉल्व्ह सेट करा. पहिला दाबलेला असेल तर आठवा, तिसरा असेल तर सहावा. पात सरकताना किंचित अडखळली पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तशी. लॉक नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. हे शेवटचं मोजणं टाळलं की केलेलं काम वाया जातं.

हे ऐकू आलं तर गाडी थांबवा

जड, खोल ठकठक, जी इंजिन तापल्यावर वाढते, रेस देऊन पाय उचलताच खडखडून उमटते आणि ज्याच्यासोबत ऑइलचा दाब उतरलेला असतो, ती बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असते. त्या सिलेंडरचा इंजेक्टर बंद केला की ती मंदावते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. ऑइल काढून घ्या, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली आणि ती लोहचुंबकाला चिकटत नसेल तर ती बहुतेक बेअरिंगचीच माती आहे.

निदान पक्कं करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल असले किंवा ऑटोमॅटिक गाडीची फ्लेक्सप्लेट तडकली असली तरी हुबेहूब अशीच ठकठक येते, पण ती गिअरबॉक्सच्या तोंडाशी जास्त ऐकू येते आणि ऑइलचा दाब चांगला असतो. नुसत्या कानावर विसंबून इंजिन खोललं आणि बेअरिंगं कोरी निघाली, असं होऊ शकतं.

थंडीत बोदा, पोकळ ठोका येऊन गाडी तापल्यावर जात असेल तर तो पिस्टनचा. ॲल्युमिनियम तितक्याच उष्णतेला ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पिस्टन तापला की सिलेंडरमधली त्याची सैल जागा भरून येते. ऑइल पीत नसेल, दाब चांगला असेल, तर असं इंजिन पुढे बरीच वर्षं चालू शकतं. थंड असताना जोरात रेस देऊ नका, एवढं पथ्य.

चढावर, कमी आरपीएमला जोर लावताना टिणटिण आली तर ते बेअरिंग नाही, आत इंधन अवेळी पेटतंय. इग्निशन टायमिंग पुढे गेलंय, इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय, पिस्टनवर कार्बन साठलाय, किंवा पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडतोय. गिअर खाली टाका आणि कारण लवकर शोधा, कारण यानेच पिस्टनला भोकं पडतात.

पहिल्या स्टार्टला पुढच्या कव्हरमधून दोनतीन सेकंद साखळी ओढल्यासारखी खळखळ आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर. तो खर्च पुढे ढकलू नका.

इंजिनाचे नसलेले आवाज

ठरावीक आरपीएमलाच येणारी पत्र्याची झणझण बहुतेक वेळा सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याची असते. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या पाइपवर मुठीने ठोकत जा, सापडतो. डब्याच्या आतून दगड खुळखुळल्यासारखं वाजलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी फुटली आहे. क्लच दाबताच आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. आयडलिंगला सगळी गाडी घुमत असेल आणि रेस देताच शांत होत असेल तर इंजिन माउंटचं रबर बसलंय, त्यात इंजिनाचा काही दोष नाही. हूऽऽ अशी शीळ येत असेल तर ऑइल भरायचं झाकण जरा उचलून बघा. शीळ बदलली तर क्रँककेसच्या हवेचा व्हॉल्व्ह किंवा त्याची पातळ पडदी फाटलेली असते.

बॉनेटच्या आतला जाड नमदा, फायरवॉलच्या भोकांतली रबरी बुचं, आतली पट्टी हे सगळं जुन्या गाडीत झडून गेलेलं असतं. ते नवीन लावल्याने गाडीच्या आत खूप फरक पडतो आणि मी स्वतः ते केलंय. पण सगळ्यात शेवटी, यांत्रिक कारण निघाल्यावर. नमदा गाडीसाठीच बनवलेला, आग न धरणारा असावा आणि मॅनिफोल्डच्या वरच्या भागात लोंबता राहू नये.

रॉकर बदलल्यानंतर मी गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी पहिल्या स्टार्टला, फोन त्याच जागी, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ठेवून रेकॉर्ड केलं. जुनं रेकॉर्डिंग शेजारी लावून दोन्ही पाव वेगाने ऐकली. ठोका गेला होता, मागे नुसती बेल्टची आणि हवेची सरसर होती. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना मॅनिफोल्डचे नट पुन्हा टॉर्कवर तपासले. दोन नट किंचित फिरले, तेवढे आवळले. फटी पुन्हा मोजल्या, आठही जागच्या जागी होत्या.